पटले सरांचा भोवरा

१९ मे २०१२

प्रिय धनेंद्र,

घरात फोन असताना ताईने पत्र का लिहावं, असं पाकीट हातात घेताच तुला वाटलं असेल. मी फोनवर बोलते तेव्हा तुझे जिजाजी समोरच बसलेले असतात. ते नसले तर तुझी भाची रुचि असते. तू विचारतोस, "जिजाजी कसे आहेत?" मी म्हणते, "बरे आहेत." मग तू सुट्टी मिळत नसल्याचं सांगतोस, मी लोणच्याबिणच्याचं काहीतरी बोलते आणि आपण फोन ठेवतो. दोन वर्षं हेच चाललं आहे. आज ते चुन्नीलालला घेऊन सालेकशाकडे गेले आहेत, रुचि शेजारी गेली आहे. दुपारभर घर मोकळं आहे, म्हणून लिहायला बसले. अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

ऊन यंदा फार आहे. बोडीचं तळं आटलं आहे, घोटाभर गढूळ पाणी उरलं आहे, म्हशी त्यातच दिवस काढतात. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालतात. आधी सगळं गाव अंगणात येऊन पाहायचं, आता कोणी मान वर करत नाही. आई आमगावला बरी आहे. तुझ्या लग्नाचा विषय ती माझ्याजवळ काढते, तुझ्याजवळ काढायला भिते. असो. एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. बाकीचं सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, कारण त्यातलं निम्मंच तुझ्या डोळ्यांसमोर घडलं.

माझं लग्न झालं ते गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी. नवी नवरी म्हणून मला वाटलं होतं, हे मला गोंदियाला सिनेमाला नेतील. पावसाळा सरता सरता एका रविवारी त्यांनी मोटारसायकल काढली आणि थेट इटियाडोहला नेलं. धरणाचं पाणी कालव्यात सुटतं तिथे कठड्याशी उभं केलं. खाली एक मोठा भोवरा फिरत होता, मधोमध काळं भोक. त्यांनी पळसाचं पान टाकलं. ते पान कडेने गोल गोल आत गेलं आणि दिसेनासं झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहून राहिली का? पाणी दर घडीला नवीन येते अन् जाते. मंग हे जे इथं उभं हाय, ते काय हाय?" हा माणूस आपल्याला काही विचारतो आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे, हे मला फार आवडलं. आपल्याकडे नव्या सुनेला कोणी काही विचारत नाही, तुला ठाऊक आहे.

माझ्या सासूबाई, सुखवंताबाई, मी पाहिल्या नाहीत. त्या धानाच्या रोवणीत वीज पडून गेल्या. हे तेव्हा बी.एस्सी.ला होते, सुट्टीत घरी आले होते आणि शेताच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधीतल्या चिखलात टाकत होते. आपल्या भागात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे असं होतंच. भर चिखलात वाकलेल्या बाया, सपाट मोकळं रान आणि वर भरलेलं आभाळ. लोक रडतात, दिवस घालतात आणि उरलेली बांधी रोवून काढतात. ह्यांनी मात्र त्या दिवशी एक गोष्ट पाहिली होती. आई चिखलात पडली आणि तिच्यावर नारळाएवढा नारिंगी उजेडाचा गोळा तरंगत होता, स्वतःभोवती गरगर फिरत. तो धुऱ्याधुऱ्याने घरंगळत गेला आणि बोडीच्या पाण्यापाशी पोचताच तापलेलं लोखंड पाण्यात घातल्यासारखा आवाज करून विझला. जिथे विझला तिथलं पाणी फिरत राहिलं, असं ते सांगतात. दुसऱ्या कोणीही तो गोळा पाहिला नाही. सासरे म्हणाले, आई गेल्याच्या धक्क्याने पोराला तसं वाटलं. ह्यांनी मला हे लग्नानंतर कितीतरी महिन्यांनी सांगितलं, तेही मान खाली घालून.

सगळं तिथून सुरू झालं. तो गोळा पाण्याकडे का गेला, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. तू आमच्याकडे राहून गोंदियाच्या कॉलेजात जात होतास ती तीन वर्षं आठव. तुपाच्या रिकाम्या डब्याला फुग्याचं रबर ताणून बांधायचे, आत उदबत्तीचा धूर भरायचे आणि टिचकी मारून धुराची कडी सोडायचे. कडी अंगण ओलांडून तुळशीपर्यंत जायची, तरी मोडायची नाही. ह्यांच्या शाळेतली पोरं त्या कडीसाठी वेडी होती. एका इंग्रज शास्त्रज्ञाला दीडशे वर्षांपूर्वी वाटलं होतं की अणू म्हणजे असेच गाठ मारलेले भोवरे आहेत, पुढे सगळ्यांनी ते सोडून दिलं, हे मी स्वयंपाक करता करता इतक्यांदा ऐकलं की अजून पाठ आहे. ते म्हणत, लोकांनी घाईने सोडलं. पाण्यातला भोवरा, वावटळ, सूर्यावरची आग, आभाळातली वीज, सगळीकडे एकच पीळ आहे. पाणी आणि प्लाझ्मा, म्हणजे सूर्यात नि विजेत असतो तो पेटलेला वायू, ही त्याची दोन अंगं. पाण्याचा पीळ ज्याला कळला त्याला विजेचा पीळ सोडवता येईल. तू पाटावर बसून डोळे मोठे करून ऐकायचास आणि तुझी भाजी निवून जायची. तू भौतिकशास्त्र घेतलंस ते त्या धुराच्या कड्यांमुळेच. गुजरातच्या प्रयोगशाळेत प्लाझ्मावर काम मिळाल्याचं तू कळवलंस, त्या दिवशी ह्यांनी शाळेत पेढे वाटले. आपल्या घरातला माणूस आता आत पोचला, म्हणाले.

तोपर्यंत ह्यांनी बऱ्याच ठिकाणी पत्रं पाठवली होती. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका प्राध्यापकांनी सभ्यपणे कळवलं की कल्पना मनोरंजक आहे, पण मोजमाप कुठे आहे? त्याने ते खचले नाहीत. उलट कामाला लागले. रुचि सात वर्षांची होती त्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या शेतात, बोडीच्या काठाला, तो भोवरा उभारला. नंतर तो तू पाहिलासच. विटांचा ओटा, त्यावर वरून कापलेली मोठी काळी प्लास्टिकची टाकी, पंपाने कडेकडेने जोरात सोडलेलं पाणी आणि तळाच्या भोकातून ते परत बोडीत. पंप लावला की टाकीत इटियाडोहसारखा भोवरा उभा राहायचा. बाजूला उंच लोखंडी खांब, टोकावर तांब्याचे काटे आणि तिथून निघालेली जाड तांब्याची तार भोवऱ्याच्या डोळ्यात सोडलेली. वीज वरून पीळ घेऊनच येते, खाली तिला तसाच पीळ मिळाला की रिळावर दोरा गुंडाळावा तशी ती त्यात उतरेल आणि आसपास कोणाला धक्का लागणार नाही, असं ते सांगत. खांबाभोवती त्यांनी पांढरे रंगवलेले दगड गोल मांडले. त्या गोलाच्या आत माणूस सुरक्षित.

गावाने आधी हसून घेतलं. पण ते पटले सर. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता पोरंबाळंवाली झाली होती. आणि ते स्वतःसाठी काही मागत नव्हते. रोवणीला येणाऱ्या बायांना ते धुऱ्यावर बसवून समजावायचे, वर्गात समजावतात तसं, कंटाळा न करता. पहिला पावसाळा सुखरूप गेला. दुसऱ्या पावसाळ्यात बोडीपलीकडच्या मोहाच्या झाडावर वीज पडली आणि ते मधोमध फाटलं. गोल सोडून वीज बाहेर फेकली गेली, असं गावाने ठरवलं. गोंदियाच्या एका हिंदी पेपरात फोटो आला. ह्यांनी तो फोटो घरात लावला नाही, हे मी सांगायला हवं. त्यांना मोठेपणा नको होता. सुखवंताबाईंसारखी दुसरी कोणी चिखलात पडू नये एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि त्यामुळेच त्यांना अडवणं कोणाला जमलं नाही.

त्याच दिवाळीत तू आलास. तुला शेतावर नेऊन त्यांनी पंप सुरू केला. तू टाकीभोवती फिरलास, वाकून तार पाहिलीस, मग हात मागे बांधून उभा राहिलास. मी फराळाचा डबा घेऊन आले होते. ते तुझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तसे. तू म्हणालास, "जिजाजी, पाण्यातल्या भोवऱ्याचं आणि प्लाझ्मातल्या भोवऱ्याचं गणित खरंच बरंचसं सारखं आहे." त्यांनी तुला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. परत येताना मी तुला विचारलं होतं, कसं वाटलं रे? तू म्हणालास, "चांगलं आहे ताई. त्यांचं मन रमतं." मला ते उत्तर थोडं लांबचं वाटलं. पण तू शिकलेला, मी काय विचारणार?

आता पुढचं. दोन हजार दहाच्या आषाढातली ती दुपार. फोनवर मी तुला एवढंच सांगितलं होतं की वीज पडली, दोघी गेल्या. आज सगळं सांगते.

आमचीच रोवणी होती. हे शाळेत होते. नंदाबाई, म्हणजे चुन्नीलालची बायको, बायांच्या पुढे असायची. गाणं तिचं, हसणं तिचं, उशीर झाला तर शिव्याही तिच्याच. प्रेमिला नावाची एक नवी सून त्याच उन्हाळ्यात गावात आली होती आणि आपल्याला जमतं हे दाखवायला सगळ्यांच्या पुढे रोवत जायची. शामकला होती, अजून काही जणी होत्या. मी पलीकडच्या धुऱ्यावर पेंढ्या मोजून देत होते. सालेकशाच्या डोंगरांकडून आभाळ काळं होत आलं. पूर्वी पहिल्या गडगडाटाला बाया बांधी सोडून घराकडे पळायच्या. शामकला उभी राहिली आणि ओरडली, "चला वो घरी, आभाळ भरून आलं!" नंदाबाई हसली. म्हणाली, "कायले भेते वो? सरचा भोवरा हाय ना!" आणि तिनेच चिखलाच्या पायांनी धावत जाऊन पंपाचं बटन दाबलं. पंपाचा आवाज मला पलीकडे स्पष्ट ऐकू आला. बाया एकमेकींना ढकलत, हसत पांढऱ्या दगडांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. नंदाबाई आणि प्रेमिला खांबाला अगदी लागून होत्या. शामकला कडेला, एक पाय आत, एक बाहेर. नंदाबाईने मलाही हात केला, "या ना जी मास्तरीनबाई!" मी पेंढ्या पावसात वाहून जातील म्हणून त्या ओढून ठेवत होते. माझा उशीर झाला, एवढंच.

आवाज झाला तो मला ऐकू आला नाही, छातीवर बसला. डोळे उघडले तेव्हा मी चिखलात होते. उठून धावले. नंदाबाई पडली होती, तिच्या मुठीत अजून पऱ्हे होते. प्रेमिला खांबाला टेकून बसल्यासारखी होती, मी तिला हलवलं तशी ती कलंडली. शामकला दोन्ही कान दाबून गोल फिरत होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. आणि धनेंद्र, टाकीत भोवरा फिरत होता. कडाडायच्या क्षणापर्यंत पंपाचा आवाज माझ्या कानात होता, आणि मी पोचले तेव्हा पाणी तसंच, मधलं काळं भोक घेऊन फिरत होतं. त्यात कोणाचा तरी पदर फाटून पडला होता, तो गोल गोल आत चालला होता. पुढे हळूहळू पाणी थांबलं. वीज पडल्यावर गावातली लाइन गेली होती. हे सायकलवरून धापा टाकत आले तेव्हा टाकी शांत होती.

नंतर पंचनाम्याला एक इंजिनीअर आले. त्यांनी टाकी पाहिली, तार पाहिली. मग मला बाजूला नेऊन, जणू मी लहान मुलगी आहे अशा हळू आवाजात म्हणाले की ही तार ओल्या जमिनीत खोल गाडली असती तरी काही अर्थ होता. इथे तिचं टोक प्लास्टिकच्या टाकीत लोंबतं आहे. विजेला जायला वाट नव्हती, बाया होत्या. आणि तार गाडलेली असती तरी उघड्या रानात खांबाला चिकटून उभं राहायचं नसतंच, बाई. त्यांनी कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही. नैसर्गिक आपत्ती म्हणून सगळं मिटलं. कोणी तक्रार केली नाही. गाव ह्यांना एक शब्द बोललं नाही. मला तेच असह्य झालं होतं.

ह्यांनी जेवण सोडलं. शाळेत गेले नाहीत. घराच्या ओट्यावर बसून असायचे, दाढी वाढलेली, रुचि जवळ गेली तर तिच्याकडे अनोळखी मुलीकडे बघावं तसं बघायचे. एकदा मला म्हणाले, "दुर्गा, मी त्यायले मारलं का वो?" मी त्यांच्याजवळ बसले. मला वाटलं, आता हा माणूस फुटेल, रडेल, आणि रडून झालं की आपण दोघं मिळून ते ओझं उचलू. मी त्या रडण्याची वाट पाहत होते. दुसऱ्याच दिवशी चुन्नीलाल आला. बायकोची तेरवी झाली होती, डोकं भादरलेलं होतं. तो ह्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "सर, खरं सांगा. लाइन गेली होती ना? भोवरा बंद पडला होता ना?" तो परत म्हणाला, "लाइन गेली असन जी. नाही तं असं काऊन होईन?" मला आजही तो क्षण थांबवून धरावासा वाटतो. ह्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येताना मी पाहिला. ते म्हणाले, "हो चुन्नीलाल. लाइन गेली होती."

मी दारातच होते. मी म्हणाले, "लाइन होती. पंप चालू होता. मी डोळ्यांनी पाहिलं." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चुन्नीलाल बोलला, अगदी मऊ आवाजात, "मास्तरीनबाई, तुम्ही भेल्या होत्या." त्याचे डोळे मला सांगत होते की बाई, हे माझ्याकडून काढून घेऊ नका. त्या दिवशी सकाळी नंदाबाईचं अंग दुखत होतं. आज नको जायला, असं ती म्हणत होती आणि चुन्नीलालनेच तिला पाठवलं होतं, सरांची रोवणी आहे, भीती नाही, म्हणून. लाइन गेली होती हे खरं असेल तरच त्याला झोप येणार होती. मी नंतर गावात आणखी दोघा-तिघांना सांगितलं. सगळे म्हणाले, सोडा ना बाई आता. शामकलेला विचारावं तर तिला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. तिचा एक कान गेला, हात थरथरतात, ढग आले की ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते.

तेव्हापासून चुन्नीलाल ह्यांच्या सावलीसारखा आहे. दोघांनी मिळून ठरवलं की विजेच्या लाइनीवर भरवसा ठेवायचा नाही, डिझेल इंजिन लावायचं, म्हणजे भोवरा थांबणारच नाही. मागच्या वर्षी आपल्या शेतात तसं बसवलं. मागचा पावसाळा सुखरूप गेला, आणि झालं. आता सालेकशाच्या बाजूला तीन गावांत तसेच खांब उभे राहत आहेत. त्यांना नंदाबाईचं नाव दिलं आहे. ह्यांची तब्येत सुधारली, पोरांना शिकवतात, हसतात. तू विचारतोस तेव्हा मी "बरे आहेत" म्हणते ते खोटं नसतं. ते खरोखर बरे आहेत. मला त्या बरेपणाची भीती वाटते.

तुझा तो फोन मी कोणाला सांगितलेला नाही. अपघातानंतर आठवडाभराने तू केलेला. मी मोबाइल घेऊन गोठ्यात गेले होते. तू रडत होतास आणि म्हणालास, "ताई, मला माहीत होतं. दिवाळीतच कळलं होतं. तारेला जमीनच नव्हती. त्यांनी मला शिकवलं, मी त्यांना कसं सांगू? म्हणून मी जेवढं खरं होतं तेवढंच बोललो." मी तुला उगी उगी केलं. लहानपणी करायचे तसंच. त्यानंतर तू गोंदियाला आला नाहीस. सुट्टी मिळत नाही हे मी आईलाही सांगते आणि स्वतःलाही. तुला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाही. पण तुझं ते वाक्य इथे काय काय करतं आहे ते तुला कळायला हवं. ते आता बोर्डावर आहे. प्रत्येक नव्या खांबाजवळ पत्र्याची पाटी लागते, तिच्यावर तुझं नाव, तुझ्या प्रयोगशाळेचं शहर आणि खाली लिहिलेलं, "पाण्याचे व विजेचे गणित एकच असल्याचे शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे." ह्यांनी ते खोटं म्हणून लिहिलं नाही. तू म्हणालास तेच लिहिलं. सभेत कोणी शंका काढली तर चुन्नीलाल त्या पाटीकडे बोट दाखवतो आणि लोक गप्प होतात.

मागच्या आठवड्यात तिकडच्या एका गावात सभा झाली. तिथल्या बायांना आमच्या गावचं कळलं होतं. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या घरचं कोणी उभं राहीन का आंदी?" ह्यांनी एक क्षणही विचार केला नाही. म्हणाले, "माझी रुचि उभी राहील. पहिल्या पावसाला, तुमच्यासमोर." रुचि घरी येऊन नाचत होती. तिने शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं आहे. मी रुचिला आमगावला आईकडे नेऊन ठेवीन, त्यासाठी मला कोणाची परवानगी नको आणि तुझी मदतही नको. पण रुचि नाही आली तरी तो खांब तिथे राहील. इकडे शामकलेच्या दोन्ही मुली यंदा आईच्या जागी आपल्या रोवणीला येणार आहेत आणि ढग आले की त्या घराकडे पळणार नाहीत. माझं कोणी ऐकणार नाही, इंजिनीअरचं म्हणणं मी सांगितलं तेही ऐकलं नाही, ते फक्त तुझं ऐकतील. पाऊस पडायच्या आत ये. तू येतो आहेस म्हटल्यावर हे स्वतः स्टेशनवर घ्यायला येतील, खुशीत असतील, वाटेत तुला नव्या इंजिनाचं सगळं सांगतील. तेव्हा काही बोलू नकोस, ऐकून घे. घरी आलास की आधी आम्ही सगळे तुझ्यासोबत जेवू, कारण त्यानंतर ह्या घरात किती दिवस कोणी नीट जेवेल मला माहीत नाही. मग मी चुन्नीलालला बोलावून आणीन. त्या दोघांना समोर बसव आणि दिवाळीत राहून गेलेलं वाक्य पूर्ण कर. पुढे ह्यांचं काय होईल ह्याचा मी विचार करून ठेवला आहे. ते सगळं मी बघेन.

तुझीच,
दुर्गाताई